महापालिकेच्या इमारतीतली ती पाटी: अंदाजापेक्षा कमी खर्च, खरंच?

ओसरीवरची

गेल्या रविवारी भाचीला घेऊन मुंबई महापालिकेच्या मुख्यालयाचा हेरिटेज वॉक केला. पंचवीस वर्षं मी व्हीटीला उतरतेय (सीएसएमटी म्हणायची सवय लागायचीय अजून). भुयारातून वर आलं की ती इमारत डोळ्यांसमोरच असते, पण आत कधी पाय ठेवला नव्हता. आपलं तिथे काय काम, असंच वाटायचं.

आत गेल्यावर मधल्या मोठ्या घुमटाखालच्या जिन्यावर आम्ही दोघी माना वर करून इतका वेळ उभ्या राहिलो की मागच्या काकांना "ताई, जरा सरका" म्हणावं लागलं. भाचीने विचारलं, "मावशी, इथे नगरसेवक बसतात की राजे?" मी म्हटलं, दोन्ही.

पण धागा काढायचं कारण वेगळं आहे. तिथे बांधकामाची एक जुनी पाटी आहे. तीवर इमारतीचा अंदाजित खर्च दिलाय ११,८८,०८२ रुपये आणि प्रत्यक्ष खर्च ११,१९,९६९ रुपये. भाचीने लगेच मोबाइलवर वजाबाकी केली. ६८,११३ रुपये वाचले!

तर प्रश्न असे. हे झालं कसं? त्या जागी आधी काय होतं? आणि दर्शनी त्रिकोणावर ती पंखवाली बाई कोण? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

तिरकस

पाटीच्या खालचं बारीक अक्षर वाचलंत का? "अटी व शर्ती लागू."

गावकुसाबाहेर

तेव्हा पैसे वाचले म्हणून पाटी लावली. आता वाचले तर चौकशी लागेल.

रेवाक्का

हहपुवा (हसून हसून पुरेवाट)! गावकुसाबाहेर, _/\_

पक्का_डोंबिवलीकर

आम्ही त्या इमारतीचा उपयोग फक्त एका गोष्टीसाठी केला. पावसात व्हीटीहून मेट्रो सिनेमाकडे चालत जाताना तिच्या कडेने गेलं की निम्मा रस्ता कमी भिजतो. ऐतिहासिक वास्तूचा असाही लाभ.

जुनापुराणा

ओसरीवरची ताई, चांगला विषय काढलात. जमेल तसं लिहितो, लांबलं तर माफ करा.

इमारतीचा वास्तुकार फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स. समोरचं व्हीटी स्टेशन बांधणारा तोच. व्हीटीचं काम १८७८ मध्ये सुरू झालं आणि दहा वर्षं चाललं. ते आटोपतंय तोवर पालिकेचं काम त्याच्याकडे आलं. या इमारतीसाठी मद्रासच्या रॉबर्ट चिझमचाही आराखडा होता, भारतीय-इस्लामी वळणाचा. शेवटी स्टीव्हन्सचा गॉथिक आराखडा पसंत पडला. तरी नीट पाहिलंत तर त्यानेही घुमट आणि कमानींत पूर्वेकडचं बरंच काही उचललंय. मधला घुमट सुमारे २३५ फूट उंच आहे. जागा दोन रस्त्यांच्या बेचक्यातली. एका अंगाला तेव्हाचा हॉर्नबी रोड, म्हणजे आजचा दादाभाई नौरोजी रोड, दुसऱ्या अंगाला क्रुकशँक रोड, आजचा महापालिका मार्ग. म्हणून इमारतीचे दोन पंख दोन रस्त्यांना धरून मागे गेलेत आणि नाक चौकात आलंय.

कोनशिला डिसेंबर १८८४ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड रिपनच्या हस्ते बसली. हाच तो रिपन, ज्याच्या १८८२ च्या ठरावाने हिंदुस्थानात स्थानिक स्वराज्य संस्थांचा पाया घातला. त्याच सुमारास तो विलायतेला परत गेला. म्हणजे जाता जाता बसवलेली कोनशिला.

प्रत्यक्ष बांधकाम सुरू झालं १८८९ मध्ये आणि १८९३ मध्ये इमारत पूर्ण झाली.

ती पंखवाली बाई म्हणजे खुद्द मुंबई नगरी. 'उर्ब्स प्रिमा इन इंडिस', हिंदुस्थानातलं पहिलं शहर, हे तिचं बिरुद. पालिकेच्या बोधचिन्हावरचं वचन मात्र संस्कृत आहे: यतो धर्मस्ततो जयः.

आधी काय होतं ते उद्या. डोळे मिटायला लागलेत.

तिरकस

थांबा थांबा. कोनशिला १८८४ ला आणि काम १८८९ ला? म्हणजे नारळ फोडून पाच वर्षं नुसता पत्रा लावून ठेवायची प्रथा पालिकेची मूळचीच की!

गावकुसाबाहेर

@तिरकस, वारसा जपायचा तर पूर्ण जपायचा.

काटेकोर

दोन गोष्टी.

एक, कोणी तरी येऊन "ही इमारत जागतिक वारसा यादीत आहे" असं लिहिणारच, म्हणून आधीच सांगतो. यादीत आहे ते समोरचं स्टेशन, २००४ पासून. २०१८ मध्ये आली ती ओव्हल मैदानाच्या दोन बाजूंची गॉथिक आणि आर्ट डेको इमारतींची रांग. पालिकेची इमारत स्वतःच्या नावाने यादीत नाही.

दोन, मूळ प्रश्नाबद्दल. पाटीवरचे आकडे खरेच असणार, त्याबद्दल माझं म्हणणं नाही. पण अंदाजपत्रक कधीचं ते महत्त्वाचं. काम निम्मं झाल्यावर अंदाजपत्रक सुधारून घेतलं तर कुठलंही काम अंदाजापेक्षा कमी खर्चात होतं. सुधारित अंदाजपत्रक हा शब्द ज्यांनी ऐकलाय त्यांना कळेल. उगाच "तेव्हाचे लोक किती प्रामाणिक" म्हणून गहिवरू नये.

रेवाक्का

काटेकोर, लग्नात तुम्ही हाराची फुलं मोजली असणार.

काटेकोर

मोजली होती. सात कमी होती.

अण्णांचा_डबा

माझे वडील तिथे लेखा खात्यात होते. १९६८ ला लागले, निवृत्त होईपर्यंत त्याच इमारतीत. त्यामुळे हा धागा वाचून पोटात कालवाकालव झाली.

मी पाचवीत असताना एकदा शनिवारी मला बरोबर घेऊन गेले होते. शनिवारी अर्धा दिवस असायचा. माझ्या पायात नवे बूट, आणि त्या फरशीवर त्यांचा टॉक टॉक आवाज एवढा घुमायला लागला की मी घाबरून टाचा उचलून चालू लागलो. अण्णा म्हणाले, "चाल नीट. पालिका आपल्या पैशातली आहे." टेबलाजवळ खिडकी होती. बाहेर दगडात कोरलेलं कसलंसं जनावर तोंड वासून बसलेलं आणि त्याच्या डोक्यावर कबुतर. अण्णा रोज डब्यातला पोळीचा कोपरा त्या कबुतरासाठी ठेवायचे. आईला हे कळलं तेव्हा ती म्हणाली, म्हणजे मी रोज एक पोळी पालिकेला देते.

घड्याळ ते स्टेशनच्या घड्याळावर लावायचे. म्हणायचे, स्टेशन आणि पालिका हे सख्खे भाऊ. एकाच बापाचे. एक माणसं आणतो, दुसरा त्यांच्याकडून कर घेतो.

त्या पाटीबद्दल ते कधी बोलल्याचं आठवत नाही. लेखा खात्याच्या माणसाने न बोलावं म्हणजे काय ते समजून घ्या :)

ओसरीवरची

अण्णांचा डबा, किती सुंदर लिहिलंत. कबुतरं अजून आहेत हो. पोळीची वाट बघत असणार.

मैदानी

आसपासच्या परिसरात आझाद मैदान येतं ना? मग लिहितोच.

मैदानाच्या कडेने पालिकेचा घुमट दिसतो, त्यामुळे तिथे खेळलेल्या प्रत्येक पोराच्या डोक्यात ही इमारत साइटस्क्रीनसारखी बसलेली असते. मैदान पंचवीस एकराचं आणि त्यावर बावीस खेळपट्ट्या. एका सामन्याचा डीप मिडविकेट दुसऱ्या सामन्याच्या स्लिपमध्ये उभा असतो. तेंडुलकर आणि कांबळीची ६६४ धावांची भागीदारी इथलीच, फेब्रुवारी १९८८, हॅरिस शील्ड ही शाळांची स्पर्धा. पृथ्वी शॉचे ५४६ पण इथलेच, २०१३. आणि मैदानाच्या दक्षिण टोकाला बॉम्बे जिमखाना, जिथे डिसेंबर १९३३ मध्ये भारतातली पहिली कसोटी झाली आणि लाला अमरनाथने शतक ठोकलं.

मी काढलेली सर्वोच्च धावसंख्या १९. पण चेंडू एकदा शेजारच्या सामन्यात गेला आणि तिथल्या क्षेत्ररक्षकाने झेल घेऊन अपील केलं. त्यांच्या पंचाने आऊट दिलं!

पक्का_डोंबिवलीकर

मैदानी, मग गेलात का तुम्ही परत?

मैदानी

गेलो. आमच्या पंचाने पण दिलं.

जुनापुराणा

मैदानाला आझाद मैदान हे नाव नंतरचं. पूर्वी सगळाच भाग एस्प्लनेड. किल्ल्याच्या तटाबाहेर मोकळी सोडलेली जागा, शत्रू आला तर तोफेच्या माऱ्याला आडोसा नको म्हणून. १८५७ मध्ये १५ ऑक्टोबरला सय्यद हुसेन आणि मंगल गडिया या दोन शिपायांना इथेच तोफेच्या तोंडी दिलं. मैदानात त्यांचं स्मारक आहे. शेजारून रोज हजारो लोक जातात, थांबून वाचणारा विरळा. मीही चाळिशीनंतर वाचलं, तेव्हा कुणाला नावं ठेवत नाही.

आता आधी काय होतं ते. किल्ल्याचे तट १८६० नंतर गव्हर्नर बार्टल फ्रियरच्या काळात पाडले आणि हा सगळा पट्टा मोकळा झाला. तटाला तीन दरवाजे होते: अपोलो गेट, चर्च गेट आणि बाजार गेट. चर्चगेटचं नाव स्टेशनला राहिलं, बाजार गेटचं रस्त्याला. पालिकेसमोर बोरीबंदर. १६ एप्रिल १८५३ ला पहिली गाडी तिथूनच ठाण्याला सुटली. साहेब, सिंध, सुलतान ही तीन इंजिनं, चौदा डबे, चारशे पाहुणे. याच भागात फाशी तलाव होता आणि मुंबादेवीचं मूळ देऊळही इथेच होतं असं सांगतात. अठराव्या शतकात किल्ल्याच्या कामासाठी ते हलवलं आणि देवी काळबादेवी-भुलेश्वरकडे गेली.

म्हणजे ज्या देवीच्या नावाने शहर, तिला हलवून तिथे स्टेशन, आणि समोर शहराच्या नावाची दुसरी देवी पंख लावून उभी.

रेवाक्का

शेवटचं वाक्य वाचून अंगावर काटा आला. आजी म्हणायची, मुंबईत देवालाही भाड्याची खोली बदलावी लागते.

बेस्ट_फाइव्ह

ट्रामचा उल्लेख अजून कुणीच केला नाही? पहिली विजेची ट्राम ७ मे १९०७ रोजी याच पालिका कार्यालयापासून क्रॉफर्ड मार्केटपर्यंत धावली. त्याआधी १८७४ पासून घोड्यांच्या ट्राम होत्या. शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून दादरला गेली. माझ्या मोठ्या काकांनी त्या रात्री गर्दीत उभं राहून ती पाहिली होती आणि त्यांच्या मते तिकीटही काढलं होतं. ते तिकीट घरात कोणीही पाहिलेलं नाही. सणासुदीला भांडण त्याच्यावरूनच सुरू होतं.

चहाटळ

तिथल्या खाऊगल्लीवर कुणी बोलणार का? इतिहास पोट भरून वाचला जातो. स्टेशनसमोरच्या कोपऱ्यावर वडापाव, मागे मैदानाच्या बाजूला डोसा आणि पावभाजी. माझ्या मते त्या परिसरातली सर्वांत कार्यक्षम संस्था तीच. सुधारित अंदाजपत्रक नाही, सुट्टे नसले तर मात्र वांधे.

सनदशीर

जुनापुराणा यांनी रिपनचा उल्लेख केला, त्याला थोडी जोड देतो. माझ्या मते ओसरीवरची ताईंच्या प्रश्नाचं उत्तर दगडविटांत नाही, वीस वर्षं आधीच्या भांडणात आहे.

मुंबई पालिका आधुनिक रूपात आली १८६५ च्या कायद्याने. पहिला म्युनिसिपल कमिशनर आर्थर क्रॉफर्ड. हातात जवळजवळ सगळी सत्ता, वर 'जस्टिसेस ऑफ द पीस' नावाची भारदस्त पण दुबळी मंडळी. क्रॉफर्ड कामाचा माणूस होता. रस्ते, गटारं, मंडई, सफाई, सगळीकडे त्याने हात घातला. त्याच्या नावाचं मार्केट १८६९ चं, पालिकेपासून पाच मिनिटांवर, आता महात्मा जोतिबा फुले मंडई. तिथली कोरीव शिल्पं लॉकवुड किपलिंगची, जो शेजारच्या जे. जे. कला शाळेत शिकवायचा. रुडयार्डचा बाप.

पण क्रॉफर्डने पैसा पाण्यासारखा घातला. कापसाच्या तेजीचा फुगा १८६५ मध्ये फुटलेला, शहराच्या खिशाला भोक पडलेलं, आणि इकडे खर्च चालूच. १८७१ मध्ये करदाते रस्त्यावर उतरले आणि क्रॉफर्डला जावं लागलं.

यातली गंमत म्हणजे तेव्हा जेमतेम पंचविशी-सव्विशीतल्या फिरोजशहा मेहतांनी बहुमताच्या उलट बाजू घेतली. त्यांचं म्हणणं असं: कमिशनर काढून प्रश्न सुटणार नाही. कारभार एकाच्या हातात राहू द्या, पण त्याच्यावर करदात्यांनी निवडलेल्या लोकांचा लगाम हवा. लोकांना ते तेव्हा रुचलं नाही. पण १८७२ चा कायदा साधारण त्याच दिशेने आला. ६४ सदस्य, त्यातले निम्मे करदात्यांनी निवडलेले. पुढे १८८८ च्या कायद्याने ही घडी पक्की झाली. त्या कायद्यावर मेहता आणि काशिनाथ त्र्यंबक तेलंग दोघांची छाप आहे, आणि आजही पालिका त्याच कायद्याने चालते.

१८८८ चा कायदा, १८८९ ला बांधकाम सुरू. ज्या सभागृहाचा जन्मच "पैसे कुठे गेले?" या प्रश्नातून झाला, त्याने स्वतःचं घर बांधताना पैशापैशाचा हिशोब ठेवला आणि तो भिंतीवर लावला. बाहेर मेहतांचा पुतळा उभा आहे, १९२३ पासून. त्याच्या पाठीशी ती पाटी. मला तरी हा योगायोग वाटत नाही.

काटेकोर

सनदशीर, प्रतिसाद आवडला, पण हे तुमचं अनुमान आहे. पाटीवर "क्रॉफर्डमुळे" असं लिहिलेलं नाही.

सनदशीर

मान्य. अनुमानच आहे. पण ज्या घरात एकदा सावकार दारात येऊन गेलाय, त्या घरातली सून किराणाची चिठ्ठी जपून ठेवते. पुढचं अनुमान तुम्ही करा.

तिरकस

क्रॉफर्डचं पुढे काय झालं?

सनदशीर

पुढे पुण्याकडे महसूल आयुक्त झाला आणि १८८८ मध्ये मामलेदारांकडून लाच घेतल्याचं प्रकरण बाहेर आलं. तेच क्रॉफर्ड प्रकरण. साहेबाची नोकरी गेली, पण लाच दिल्याचं कबूल करणारे मामलेदार अडचणीत आले. त्यांची बाजू टिळकांनी लावून धरली होती. म्हणजे इकडे पालिकेचा पाया भरला जात होता, त्याच सुमारास तिकडे मूळ कमिशनरची चौकशी.

गावकुसाबाहेर

आणि मार्केट मात्र अजून लोकांच्या तोंडी त्याच्याच नावाचं. मंडईचं नाव बदलून एवढी वर्षं झाली तरी टॅक्सीवाल्याला "महात्मा फुले मंडई" म्हटलं की तो विचारतो, पुण्याला जायचंय?

पक्का_डोंबिवलीकर

😂😂 खरं आहे.

नऊवारी_नाही

सगळं पुरुषांचंच चाललंय म्हणून एक भर. १९३१ मध्ये अध्यक्ष हे पद जाऊन महापौर हे नाव आलं. पहिली महिला महापौर व्हायला १९५६ उजाडलं, सुलोचना मोदी. शेजारचं कामा हॉस्पिटल मात्र १८८६ पासून बायकांसाठी उभं आहे, पालिकेच्या इमारतीच्याही आधीपासून. हेरिटेज वॉकवाल्यांनी मागे वळून त्याच्याकडेही एकदा बोट दाखवावं.

अण्णांचा_डबा

कामा म्हटलं की मला २००८ आठवतं. त्या रात्री करकरे, कामटे आणि साळसकर गेले ती रंगभवनची गल्ली तिथेच. अण्णा तेव्हा निवृत्त झालेले, पण रात्रभर टीव्हीसमोर बसून एकेका जागेचं नाव ऐकलं की म्हणायचे, "हे आपल्या ऑफिसच्या मागे." आपल्या ऑफिसच्या. पहाटे टीव्ही बंद करून आंघोळीला गेले. बस.

रेवाक्का

🙏

बेस्ट_फाइव्ह

विषय हलका करतो. व्हीटी सुंदर की पालिका? माझं मत पालिका. स्टेशन म्हणजे लग्नातली नवरी, सगळे दागिने एकदम. पालिका म्हणजे करवली, तयारी तिचीही तेवढीच पण जरा नेटकी. फोटोवाले मात्र पालिकेच्या पायऱ्यांकडे पाठ करून स्टेशनचेच फोटो काढत असतात.

मैदानी

स्टेशन. वाद नको.

जुनापुराणा

स्टीव्हन्सने पोलीस मुख्यालयाची इमारतही बांधली, मुळात ती खलाशांसाठी होती, १८७६ ची. आणि चर्चगेटची रेल्वे कचेरी, १८९९. पुढच्याच वर्षी मलेरियाने गेला. माझ्या मते चारांत पालिका सर्वांत जमलेली. स्टेशन बांधताना तो शिकला आणि ते इथे वापरलं. त्याचं कौतुक फार होतं, पण दगड वाहणारे आणि घडवणारे कोण, हे कोणी विचारत नाही. मुंबईतल्या त्या काळच्या कितीतरी मोठ्या इमारती तेलुगू कंत्राटदारांनी आणि कामाठी मजुरांनी उभ्या केल्या. पालिकेच्या इमारतीचे कंत्राटदार व्यंकू बाळाजी काळेवार हे त्यातलेच. कामाठीपुरा हे नाव त्याच लोकांवरून पडलं.

चहाटळ

म्हणजे मूळ श्रेय काळेवारांना द्यायचं की! वास्तुकाराने स्वप्न दाखवायचं, कंत्राटदाराने ते ठरलेल्या रकमेत बसवायचं.

मोजमाप_पुस्तिका

दोन दिवस वाचतोय, आता लिहितो. तीस वर्षं बांधकामात गेली, बहुतेक सरकारी कामांत.

काटेकोर यांचा मुद्दा बरोबर आहे, पण अर्धा. अंदाजपत्रक सुधारून वर नेता येतं हे खरं. पण अंदाजापेक्षा कमी खर्च होणं हा काही चमत्कार नव्हे. दगडी बांधकामात मोठा खर्च दोन गोष्टींचा: दगड घडवणं आणि तो वर चढवणं. १८७८ ते १८८८ या काळात समोरच्याच चौकात एवढं मोठं स्टेशन उभं राहिलंय. दगड घडवणारे हात तयार, वास्तुकार तोच, त्याला प्रत्येक कोरीव कामाला किती दिवस लागतात याचा अंदाज आलेला. स्टेशनला खर्च सोळा लाखांवर गेला होता. त्या अनुभवावर बेतलेलं अंदाजपत्रक फार फसत नाही. शिवाय बांधकाम चार वर्षांत आटोपलं. आमच्या धंद्यात एक गोष्ट पहिल्या वर्षीच कळते: काम जेवढं रेंगाळतं तेवढं ते पैसे खातं. चौकीदाराचा पगारसुद्धा.

आणि तिरकसराव, पाच वर्षं कोनशिला नुसती पडून होती त्याला हसू नका. त्यात आराखड्यांची तुलना झाली, निवड झाली. आजकाल काम आधी सुरू करतात आणि नकाशा मागाहून येतो. एकदा आम्ही तळमजल्याचे खांब ओतले आणि मग कळलं की जिना कुठे यायचा हे अजून ठरायचंय. कुठलं काम ते विचारू नका.

६८,११३ म्हणजे अंदाजाच्या पावणेसहा टक्के. काटेकोर, तपासून घ्या.

काटेकोर

तपासलं. ५.७३. पावणेसहा म्हणायला हरकत नाही.

मुद्दाही पटला. हातातलं कसब तयार होतं हे मी धरलं नव्हतं.

तिरकस

काटेकोर यांनी मान्य केलं! संपादक मंडळ, हा धागा कोरून पाटी लावा.

ओसरीवरची

सगळ्यांचे मनापासून आभार. भाचीला सगळं वाचून दाखवलं. तिला क्रॉफर्डपेक्षा शेजारच्या सामन्यात आऊट झालेले मैदानी जास्त आवडले.

पुन्हा जायचा विचार आहे. वॉक शनिवार-रविवारीच असतो, हे लक्षात ठेवा. पहिल्यांदा मी मंगळवारी सुट्टी टाकून गेले होते, चूक माझीच. कुणी येणार का? छोटा कट्टा करू. आधी पालिका, मग मैदानातलं ते स्मारक वाचायचं, मग चहाटळ नेतील तिथे.

पक्का_डोंबिवलीकर

मी येतो. जलद गाडीने.

रेवाक्का

मी पण. वर्गणी किती?

गावकुसाबाहेर

माणशी दोनशे धरा. उरले तर भुयाराच्या तोंडाशी पाटी लावू.

अण्णांचा_डबा

मी येईन. पोळीचा कोपरा घेऊन.

बेस्ट_फाइव्ह

मोठ्या काकांना विचारलं. ते म्हणतात येतो, आणि तिकीट घेऊन येतो. घरात खळबळ.